रात्रीची सेवा : कोण हवे, कशासाठी हवे?

२०११च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे ११.२ टक्के होते. केरळखालोखाल देशात हे सर्वाधिक. मुले पुण्या-मुंबईत, आखातात, युरोपात किंवा जहाजावर आणि घरी वृद्ध आईवडील, हे चित्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत आता नित्याचे झाले आहे. दिवस कसाबसा निभावतो. कामाला बाई येते, शेजारी डोकावतात, पोदेर भोंगा वाजवीत दारात थांबतो. दिवेलागणीनंतर दार लागले की ही सारी वर्दळ थांबते. जिथे मुलगा-सून सोबत राहतात, तिथेही रात्र सोपी नसते. चार वेळा उठून सासूला न्हाणीपर्यंत नेणारी सून सकाळी साडेआठला कचेरीत हजर असते. अशा घरांत रात्रीच्या सेवेचा विषय बहुधा रुग्ण पडल्यावर किंवा सेवा करणारी व्यक्तीच अंथरुणाला खिळल्यावर निघतो. तोवर तो काढणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असे मानले जाते.

मग घाईघाईने ‘रात्रीसाठी बाई पाहिजे’ असा निरोप चारी दिशांना जातो. या एका वाक्यात तीन निरनिराळी कामे दडलेली असतात आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

पहिले काम सोबतीचे. वृद्ध व्यक्ती स्वतःचे स्वतः करते, परंतु एकटी असते. हाक मारल्यास कोणीतरी उठावे एवढीच अपेक्षा. दुसरे काम शुश्रूषेचे : उठवणे, बसवणे, न्हाणीत नेणे, कपडे बदलणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवणे. तिसरे काम परिचर्येचे, म्हणजे इन्सुलिन देणे, नाकातील नळीवाटे अन्न देणे, घशातील कफ यंत्राने ओढणे, प्राणवायूवर लक्ष ठेवणे. पहिल्याला विश्वासू माणूस पुरतो, दुसऱ्याला सराव लागतो आणि तिसऱ्याला रीतसर शिक्षण. एएनएम हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर जीएनएम तीन वर्षांचा असतो. परिचारिकेची राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या मदतनिसाला ‘नर्स’ म्हणून पाठवण्याचे प्रकार घडतात. म्हणून ब्युरोकडून माणूस घेताना नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्यास मागण्यात संकोच नको.

यापैकी नेमके कोणते काम आपल्या घरात आहे, हे ठरवण्याचा मार्ग साधा आहे. आठवडाभर उशाशी वही ठेवावी. किती वाजता जाग आली, कशासाठी, उठायला मदत लागली का, पुन्हा झोप किती वेळाने लागली, एवढेच लिहावे. सात रात्रींची ही नोंद डॉक्टरांना दाखवली तर कधीकधी माणूस ठेवण्याची गरजच कमी होते. उदाहरणार्थ, लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर डॉक्टर तिची वेळ बदलू शकतात आणि चार वेळचे उठणे दोनवर येऊ शकते. मात्र गोळीची वेळ घरच्या घरी बदलू नये.

नोंदीतून दुसरी गोष्ट कळते ती अधिक महत्त्वाची. रात्री येणाऱ्या व्यक्तीने जागे राहायचे की झोपायचे? सोबतीला आलेल्या व्यक्तीला झोपण्याची मुभा असते, नव्हे, ती द्यावीच लागते. परंतु दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर सेवा जागी असली पाहिजे. हवेच्या गादीमुळे कूस बदलण्याची गरज संपते, हा गैरसमज आहे. माकडहाड, खुबा आणि टाच येथे जखमा होण्याचा धोका गादीवरही राहतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतही तेच. दिवस मावळला की त्यांची अस्वस्थता वाढते, मध्यरात्री उठून ‘घरी जायचे आहे’ म्हणत ते कडी काढतात. तिथे डोळ्याला डोळा लागून चालत नाही. जागी रात्र आणि झोपेची रात्र यांचा मोबदला वेगळा असतो, तो वेगळाच असला पाहिजे. झोपेच्या रात्रीचे पैसे देऊन जागरणाची अपेक्षा ठेवायची आणि पहाटे पाचला ‘बाई घोरत होती’ म्हणून कुरकुर करायची, हे न्याय्य नव्हे. दिवसभर दुसरीकडे राबलेली व्यक्ती रात्री जागू शकत नाही, हेही उघड आहे. तेव्हा ‘दिवसा काय करता?’ हा प्रश्न नेमणुकीपूर्वीच विचारावा. आठवड्याची सुट्टी कोणत्या रात्री आणि त्या रात्री बदली कोण, हे त्याच वेळी ठरावे. गावात संध्याकाळी उशिरा बस नसते, म्हणून ती येणार कशी, याचाही विचार घरच्यांनीच करायचा असतो.

माणूस निवडताना ओळखीचा हवाला उपयोगी असला तरी पुरेसा नसतो. आधीच्या घराशी प्रत्यक्ष बोलावे, ओळखपत्राची प्रत घ्यावी, पोलीस पडताळणी करून घ्यावी. दागिने व रोकड आधीच हलवलेली बरी. त्यात अविश्वास नाही, उलट पुढे एखादी वस्तू सापडेनाशी झाली तर निष्पाप माणसावर आळ येत नाही. याहून बारकाईने विचारावा असा प्रश्न एकच : ‘आजोबा रात्री ऐकेनासे झाले तर तुम्ही काय कराल?’ हात बांधून ठेवण्याची किंवा झोपेची गोळी देण्याची भाषा उत्तरात आली, तर शोध पुढे चालू ठेवावा. डॉक्टरांनी न सांगितलेली गुंगीची गोळी वृद्धाला पाडते, त्याची बुद्धी अधिक भ्रमित करते. रात्र एकाएकी फार शांत जाऊ लागली आणि दुपारपर्यंत पेंग उतरत नसेल, तर औषधांची डबी मोजून पाहावी.

भाषेचा प्रश्न गोव्यात विशेष आहे. सेवेला येणाऱ्या अनेक जणी परराज्यांतून आलेल्या असतात, हिंदीत बोलतात. दिवसा हिंदी समजणारी आजी अर्धवट झोपेत किंवा तापाच्या ग्लानीत कोंकणी-मराठीच बोलते. ‘उदक’, ‘दुखतां’, ‘न्हाणी’, ‘श्वास घेता येत नाही’ असे पंधरा-वीस शब्द व वाक्ये लिहून पलंगाजवळ भिंतीवर लावावीत. सेवेकरी दोन दिवसांत ती शिकते.

घरही तपासावे लागते. जुन्या घरांत पलंग एका खोलीत आणि न्हाणी राजांगण ओलांडून मागील बाजूस, वाटेत दोन उंच उंबरठे, असा प्रकार असतो. पावसाळ्यात फरशी ओलसर होते. अशा घरात उत्तम सेवेकरी ठेवूनही रात्रीची ती वाट धोक्याचीच. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, वाटेवर मंद दिवा, भिंतीला धरायला दांडी यांवरचा खर्च एका पडण्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरतो. झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटे बसवूनच उठवावे. हवेची गादी किंवा प्राणवायूचे यंत्र असेल, तर वीज गेल्यावर ते किती वेळ चालेल, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

संकटाच्या वेळची कृती मात्र तोंडी सांगून भागत नाही. ती लिहून द्यावी. आधी कोणाला फोन करायचा, १०८ला कोणत्या लक्षणांवर बोलवायचे, फाईल कोठे आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी उपयुक्त आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठपर्यंतच चालते. रात्रीचा आधार १०८ किंवा ११२. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोबडे बोलणे दिसताच थांबू नये. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि हा काळ रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ‘दोनला उठले होते, नीट बोलले’ ही वहीतली एक ओळ डॉक्टरांचा निर्णय बदलू शकते. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून मडगाव वा बांबोळी गाठण्यातच बराच वेळ जातो, तेव्हा या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

खर्चाचा भार मुख्यतः कुटुंबावरच पडतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ठरावीक उपचारांसाठी रुग्णालयात लागू होते, घरच्या रात्रपाळीला नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य अशा सेवेपुढे फार तोकडे आहे. म्हणून सातही रात्री परवडत नसतील, तर आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी ठेवाव्यात. सुनेला किंवा मुलीला सलग सात तास झोप मिळाली, तर उरलेल्या रात्री तिच्याकडून निभावतात.

या साऱ्यात ज्याच्यासाठी ही व्यवस्था, त्याला विचारण्याचे अनेकदा राहून जाते. ज्या आईने उभ्या आयुष्यात परक्यासमोर पदर ढळू दिला नाही, तिला एका रात्रीत परक्या हातांनी कपडे बदलून घ्यायचे असतात. स्त्री हवी की पुरुष, देवघराच्या खोलीत झोपलेले चालेल का, दिवा चालू ठेवायचा का, हे तिलाच विचारावे. खोलीत कॅमेरा लावायचा असेल, तर तिची संमती घ्यावी आणि सेवेकरीलाही सांगावे; कपडे बदलण्याच्या जागेवर तो रोखलेला नसावा. नवी व्यक्ती एखाद्या दुपारी तास-दोन तास येऊन बसली, चहा प्याली, आजीच्या तोंडून नातवंडांची नावे ऐकून गेली, तर पहिली रात्र जड जात नाही. सुरुवातीच्या तीन रात्री घरातील कोणीतरी शेजारच्या खोलीत झोपावे, दार ढकललेले ठेवावे. चौथ्या दिवशी सकाळी आजीला एकटीला विचारावे, ‘रात्री हाक मारली तेव्हा ती आली का?’