रंगाची जाडी : आत्तंगुडीच्या सिमेंट-लादीविषयी

‘मोझॅक’ या शब्दाने मराठीत बराच घोटाळा करून ठेवला आहे. कलेतिहासात या शब्दाने रंगीत दगडांचे किंवा काचेचे लहान तुकडे जोडून केलेले चित्र अभिप्रेत असते. मराठी घरात मात्र मोझॅकची फरशी म्हटले, की सिमेंटात संगमरवरी खडी मिसळून, यंत्राने घासून गुळगुळीत केलेली ठिपक्याठिपक्यांची लादी डोळ्यांसमोर येते. स्पॅनिश भाषेत ‘मोसाइको इद्राउलिको’ म्हणजे आणखी तिसरीच वस्तू. तीत ना तुकडे, ना खडी. रंगीत सिमेंटचा थर साच्यात ओतून केलेली ती नक्षीदार लादी होय. मुंबईच्या जुन्या चाळींत, पारशी घरांत आणि इराण्यांच्या हॉटेलांत जी फुलांची किंवा चौकटींची लादी आपण पाहतो, ती या तिसऱ्या प्रकारातील. प्रस्तुत लेखात तिच्याच एका दक्षिणी शाखेचा विचार करावयाचा आहे.

या लादीला भट्टी लागत नाही, ही तिच्याबद्दलची पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. इंग्लंडमध्ये मिंटनसारखे कारखाने भाजलेल्या मातीच्या, अंगात रंग भरलेल्या फरश्या करीत. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. तसाच देखावा न भाजता साधण्याची शक्यता सिमेंटने निर्माण केली. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मधील. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्स आणि कॅटलोनिया या प्रदेशांत साचा, रंगीत सिमेंट आणि दाबयंत्र यांच्या मेळातून ही लादी सिद्ध झाली. वसाहतींच्या आणि व्यापाराच्या वाटांनी ती उत्तर आफ्रिका, लॅटिन अमेरिका, इंडोचीन आणि भारत येथवर पसरली. मुंबईत १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने ‘भारत’ या नावाने तिचा कारखाना काढला. आयात मालाला देशी पर्याय द्यावा, ही स्वदेशीची प्रेरणा त्यामागे होती. म्हणजे ज्या लादीला आज आपण ‘आजीच्या घरातली’ म्हणून पारंपरिक ठरवतो, ती एके काळी अगदी अद्ययावत, यंत्रयुगीन वस्तू होती.

तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यातील कारैकुडीच्या आसपासची गावे चेट्टिनाड या नावाने ओळखली जातात. तेथील नाट्टुकोट्टै चेट्टियार हे सावकारी व व्यापार करणारे लोक. ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया येथे मिळवलेल्या संपत्तीतून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत प्रचंड वाडे बांधले. ब्रह्मी सागवान, इटालियन संगमरवर, युरोपीय आरसे आणि झुंबरे असा दूरदेशीचा माल या वाड्यांत आला. आणि जमिनीसाठी लादी आली ती मात्र जवळच्या आत्तंगुडी गावातून.

आत्तंगुडीच्या लादीचे वैशिष्ट्य असे, की तिथे दाबयंत्र नाही. लोखंडी साच्याच्या जागी काच आहे. कारागीर चौरस काच स्वच्छ पुसून तिच्याभोवती धातूची चौकट बसवतो. चौकटीत पत्र्याच्या पट्ट्या वळवून केलेली नक्षीची जाळी ठेवतो. मग लहान पळीने पातळ रंगीत सिमेंट एकेका कप्प्यात सोडतो : एका कप्प्यात तांबडे, शेजारी पिवळे, कोपऱ्यात काळे. रंग ओला असतानाच जाळी सरळ वर उचलावी लागते. हात किंचित हलला, तर रंग एकमेकांत शिरतात. फार वेळ थांबले, तर रंग पट्टीला चिकटून कडा फाटते. काही नक्षी तर जाळीवाचूनच, ओल्या रंगावर नुसत्या हाताने ओढली जाते. त्यावर कोरडे वाळू-सिमेंट भुरभुरवतात. हा थर रंगातले जादा पाणी शोषून घेतो व त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. शेवटी ओला मसाला भरून थापीने पाठ सपाट करतात. म्हणजे कारागीर सारे काम उलट्या बाजूने करतो. लादीचा चेहरा काचेला टेकलेला असतो आणि अखेरपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. लादी एक दिवस सुकल्यावर काही दिवस पाण्याच्या हौदात ठेवतात, कारण सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. पुढे उन्हात ठेवली, की काच सुटते आणि काचेचाच गुळगुळीतपणा घेऊन लादी बाहेर येते. तिला वेगळी घोटाई करावी लागत नाही. स्थानिक वाळूच्या गुणाला कारागीर मोठे श्रेय देतात.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीचा प्रश्न भेटतो. कादंबरी युरोपातून आली म्हणून मराठी कादंबरी परकी ठरत नाही. उगम कोठला, यापेक्षा स्वीकार कसा झाला, हे अधिक बोलके असते. युरोपात या लादीचा प्रवास साच्याकडून यंत्राकडे झाला, तर आत्तंगुडीत तो यंत्र वगळून हाताकडे वळला. म्हणून तिची जाहिरात ‘प्राचीन कला’ अशी करणे मला अनावश्यक वाटते. सिमेंटहून ती प्राचीन असणे शक्यच नाही. तिची थोरवी वयात शोधण्याचे कारणही नाही.

खरा प्रश्न तिच्या अनुकरणाचा आहे. आजच्या भाजलेल्या फरश्यांवर यंत्राने हवी ती नक्षी छापता येते, आणि आत्तंगुडीचे फूलही त्याला अपवाद नाही. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या, तर ग्राहकास स्वस्त आणि डाग न धरणारी छापील फरशी आवडल्यास नवल नाही. फरक आहे तो रंगाच्या जाडीत. छापील नक्षी म्हणजे पृष्ठभागावरची पातळ त्वचा. ती झिजली, की खालचे निराळे अंग उघडे पडते. सिमेंट-लादीत रंग काही मिलिमीटर खोल असतो. चालण्याने ती झिजते, पण झिजताना नक्षी तीच राहते, वर तिला तुकतुकी चढते. अनेक दशके वापरलेली जमीन नव्या जमिनीपेक्षा देखणी दिसावी, हे भाग्य फार थोड्या बांधकाम-साहित्याच्या वाट्याला येते.

या लादीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सिमेंट हे अल्कधर्मी असल्यामुळे त्यात वनस्पतिजन्य रंग टिकत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे, पिवळे, काळे आणि क्रोमियमचे हिरवे असे खनिज रंगच चालतात. जुन्या जमिनींतील रंगसंगती इतकी संयत दिसते, तिच्यामागे अभिरुचीइतकेच हे रसायनही आहे. आम्ल हा तिचा शत्रू. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिले, तर डाग खोल जातो. न्हाणीघरासाठी विकले जाणारे ॲसिड तर तिच्यावर कधीही ओतू नये. साधे पाणी आणि अधूनमधून खोबरेल तेलाचा हात, एवढी देखभाल चेट्टिनाडमध्ये रूढ आहे.

चेट्टिनाडची ग्रामसमूहे २०१४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. तरीही वारसदार अनेक शहरांत विखुरलेले आणि दुरुस्तीचा खर्च अवाढव्य, त्यामुळे वाडे पाडले जातात आणि त्यांचे खांब, दारे, भांडी कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात येतात. लाकूड सहज निघते. जमिनीचे तसे नाही. चुन्यात बसवलेली लादी छिन्नीने हलकेच उचकटली, तर अखंड सुटू शकते, कारण चुना लादीपेक्षा मऊ असतो. सिमेंटात बसवलेली मात्र आपल्याच जातीच्या मसाल्याला अशी धरून बसते, की काढताना बहुधा फुटते.