सचोटी ही एकट्याची नव्हे, गावाची पत

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट चढण्याआधी पातूर लागते. या तालुक्यातला कापूस, सोयाबीन किंवा तूर पिकवणारा शेतकरी एका हंगामात किती जणांच्या शब्दावर विसंबतो, याची यादी केली तर ती लांबच लांब होईल. बियाण्याच्या पिशवीवर छापलेली उगवणशक्ती, कृषी केंद्रातल्या औषधाच्या बाटलीवरचे घटक, खताच्या पोत्याचे वजन, खरेदी केंद्रावर ओलावा दाखवणारे यंत्र, मालाचा काटा आणि शेवटी चुकारा कधी मिळेल याची तारीख, यातले फारच थोडे त्याला डोळ्यांनी पारखता येते. बाकी सारे दुसऱ्याने खरे सांगितले आहे असे मानूनच चालते. उलट बाजूनेही तसेच आहे. कापसावर पाणी मारलेले नाही, सोयाबीनमध्ये माती नाही, पीक विम्याच्या अर्जातले क्षेत्र खरे आहे, हे समोरचा त्याच्या शब्दावर मानतो. खरेपणा आपण मुलांना सद्गुण म्हणून शिकवतो आणि त्याचा हिशेब प्रत्येकाच्या मनाशी जोडतो. पण विहिरीचे पाणी जसे एकाने उपसले की शेजाऱ्याचेही खाली जाते, तसे सचोटीचे आहे. ती सगळ्यांची मिळून असते आणि तिची तूटही सगळ्यांनाच भरावी लागते. हे वऱ्हाडाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठल्या प्रदेशाच्या इतिहासात दिसेल, कारण इथे हा धडा कापसाने शिकवला.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे धाव घेतली. भाव कडाडले. वऱ्हाडाच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत. पण मागणी वाढली तशी भेसळही वाढली. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारले जाई, रुईत सरकी आणि कचरा राहू दिला जाई, लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची मिसळली जाई. दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. एकटा शेतकरीच हे करी असे नव्हे. गावचा व्यापारी, दलाल, रुई दाबणारा अशा प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी भर पडत जाई. मग खरेदीदाराने स्वतःपुरता सोपा उपाय काढला. हिंदुस्थानी कापूस म्हणजे मळकट आणि मिसळीचा, असे गृहीत धरून तो सगळ्याच मालाचा भाव उतरवून बोलू लागला. 1865 मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, तेव्हा ही बदनामी आणखीच जड झाली.

या उतरवलेल्या भावाचा खरा मार कोणावर बसला? लबाडी करणाऱ्याने पाण्याच्या वजनात आपली भरपाई आधीच करून घेतली होती. मार बसला तो कोरडा, निवडलेला, स्वच्छ कापूस आणणाऱ्यावर. त्याला मेहनतीचा मोबदला मिळाला नाही आणि दुसऱ्याच्या पापाचा दंड मात्र भरावा लागला. अशा बाजारात चांगला माल पिकवण्याला अर्थ उरत नाही. वऱ्हाडात बणी नावाचा लांब धाग्याचा, नावाजलेला कापूस होत असे. त्याची जागा हळूहळू जाड्याभरड्या पण काटक आणि जास्त उतारा देणाऱ्या ‘जरी’ या वाणाने घेतली, कारण बणीच्या धाग्याला बाजार वेगळा भाव द्यायला तयार नव्हता. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये नेमकी हीच गोष्ट एका निबंधात मांडली. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, चांगला माल असणारा बाजार सोडून जातो आणि मागे हलकाच माल उरतो. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निबंधात त्यांनी भारतातल्या गृहिणींचे उदाहरण दिले आहे. दुकानदाराने मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे वेचत त्यांना बसावे लागते. घरोघरी सुपात जाणारा तो वेळ म्हणजे अप्रामाणिकपणाचा रोज भरला जाणारा कर आहे, आणि तो भरणाऱ्या बाईने कोणाला फसवलेले नसते.

कापसाची ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून बाजूला ठेवण्याजोगी नाही. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याला केवळ एक रुपया भरून पीक विमा मिळू लागला, उरलेला हप्ता सरकार भरत होते. कोरडवाहू वऱ्हाडासाठी हा मोठा आधार होता. पण सरकारी जमिनीवर, बिगरशेती जमिनीवर, दुसऱ्याच्या नावच्या क्षेत्रावर, न पेरलेल्या पिकाचा विमा काढल्याची प्रकरणे मोठ्या संख्येने उघड झाली. 2025 च्या खरिपापासून ही सवलत बंद झाली आणि खरिपाच्या अन्नधान्य व गळित पिकांना दोन टक्के, नगदी पिकांना पाच टक्के हप्ता शेतकऱ्यावर आला. सरकारी खर्चाचा विचारही त्या निर्णयामागे होता, पण बोगस अर्जांनी योजनेची बाजू लंगडी केली हे नाकारता येत नाही. खोटे अर्ज भरणाऱ्यांत कित्येक जण शेतकरीही नव्हते. हप्ता मात्र आता खऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून जातो. गाठीच्या पोटातल्या पाण्याने जे केले, तेच कागदावरच्या खोट्या हेक्टरांनी केले.

मग कडक कायदा केला की झाले, असे कोणी म्हणेल. तोही प्रयोग करून झाला आहे. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, निरीक्षक नेमले, शिक्षा ठरवली. पण हजारो गाठी उघडून पाहणे कोणाला जमणार होते, आणि ज्यांना लपवायचे होते ते सगळे एकमेकांना सामील होते. 1880 च्या दशकाच्या आरंभी ती सारी व्यवस्था गुंडाळावी लागली. वऱ्हाडाने वेगळी वाट धरली. 1886 मध्ये कारंज्याला नियमन केलेला कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. त्यात ठरलेल्या जागी उघड व्यवहार, परवानाधारक दलाल आणि मापारी, तपासलेली वजने, ठरवून दिलेली आकारणी आणि देखरेखीला समिती अशी तरतूद होती. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक टाकणे बंधनकारक केले. भेसळ सापडली तर ती कुठल्या दारातून आली हे आता कळू शकत होते. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर अशा नियंत्रित बाजारांची शिफारस केली तेव्हा वऱ्हाडाचा अनुभव त्याच्यासमोर होता. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ इथपर्यंत जाते. केवळ शिक्षेच्या धाकाने माणसे खरी वागली नाहीत. व्यवहार उघड्यावर आला, तपासणे सोपे झाले आणि मालाला धन्याचे नाव चिकटले, तेव्हा खोटेपणाला जागा कमी उरली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. खरेपणाचे धडे नेहमी दुबळ्यालाच का द्यायचे? शेतकऱ्याने कापसावर पाणी मारले तर ती भेसळ, आणि त्याच्या मालातून कडता कापला, रुमालाखाली बोटे धरून सौदा केला, काट्यावर किलो-दोन किलो मारले तर तो रिवाज? 1897 च्या कायद्याने नेमलेल्या समित्यांतही व्यापाऱ्यांचे वजन अधिक होते, पिकवणाऱ्याचा आवाज नव्हता, आणि नंतरच्या सुधारणांना ही उणीव भरून काढावी लागली. म्हणून सचोटीची मागणी आधी काटा ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे केली पाहिजे. शेतकऱ्याच्या एका गाडीतल्या लबाडीने एक सौदा बिघडतो. खोट्या काट्याने त्या दिवशी आलेली प्रत्येक गाडी लुटली जाते. शिवाय वरचा खरा वागत नाही हे खालच्याला दिसले की खालच्याची लबाडी त्याच्या मनात चोरी राहत नाही, ती बरोबरी होते. ‘तो काट्यात मारतो, मी पाण्यात मारतो’ हा हिशेब गावोगाव ऐकू येतो. त्या हिशेबात दोघेही समाधानी असतात आणि दोघांचीही पत संपलेली असते. गरिबीने माणूस लाचार होतो हे खरे, पण लबाडीने गरिबी फिटल्याचे वऱ्हाडाच्या कापसाच्या इतिहासात तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप याहून जुना आहे: खऱ्याची दुनिया नाही. त्यात तथ्य आहे, आणि ते झाकून सचोटीचे गोडवे गाणे हेही एक खोटेच ठरेल. चांगला आणि वाईट माल एकाच भावात जात असेल तर खरा माणूस तोट्यात जातो, बणीचे तेच झाले. पण यातून निघणारा निष्कर्ष खरेपणा सोडावा असा नाही. ज्या व्यवस्थेत खरेपणाला भाव नाही ती बदलावी, हा तो निष्कर्ष आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. हा नियम प्रामाणिकपणे लावला, यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याला दाखवला, तर कापूस वाळवून आणणाऱ्याला त्याच्या कष्टाचे मोल मिळते आणि पाणी मारणे आपोआप तोट्याचे होते. तोच आकडा त्याच्यापासून लपवला, तर नियमच लुटीचे साधन बनतो.

तिसरा आक्षेप घरातला आहे. काही खोटे माणूस मायेने बोलतो, आजाऱ्याला धीर देतो, काळजी नको म्हणून कर्जाचा आकडा बायकोला आणि म्हाताऱ्या आईला सांगत नाही. बोचेल असे सत्य तोंडावर फेकणे म्हणजे सचोटी नव्हे, हे मान्यच. केव्हा आणि कसे सांगावे याचे तारतम्य हवेच. पण न सांगणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक आहे, आणि लपवलेले कर्ज कमी होत नाही, ते एकट्याच्या खांद्यावर वाढत जाते. कर्जाचा खरा आकडा घरात कळला तर खर्च आवरता येतो, सावकाराऐवजी बँकेकडे जाण्याचा विचार होतो, ओझे वाटून घेता येते. त्यासाठी एक अट मात्र आहे. खरे सांगणाऱ्याला घरात आणि गावात हिणवले जाता कामा नये. नापास झालो म्हणणाऱ्या मुलाला मार मिळत असेल, कर्ज आहे म्हणणाऱ्याच्या मुलीचे लग्न अडत असेल, तर खोट्याची पेरणी आपणच करत असतो.

खरेपणा टिकवण्याचे काम म्हणूनच रोजचे आणि साधे आहे, आणि ते विश्वास व तपासणी या दोन्हींवर उभे राहते. महाराष्ट्राचे बियाणे महामंडळ, महाबीज, अकोल्यात आहे. बाजारात प्रमाणित बियाणे मिळते तसे सत्यप्रत बियाणेही मिळते, ज्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतःच्या लेबलावर देतो. सोयाबीनची उगवणशक्ती किमान सत्तर टक्के असावी असा निकष आहे. 2019 च्या काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजले आणि 2020 च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या. तेव्हा प्रत्येक उत्पादकाची दानत खोटी होती असे म्हणता येणार नाही, पण पिशवीवरचा आकडा आणि शेतातला आकडा जुळला नाही आणि दुबार पेरणीचा भार शेतकऱ्यावर पडला. कृषी विभाग म्हणूनच सांगतो की शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, आठवड्याभरात मोजा आणि मग पेरा. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. प्रत्येक खरेदीची पावती मागणे, काट्यावर त्या वर्षीच्या पडताळणीची मोहोर आहे का ते पाहणे, ओलाव्याचा आकडा स्वतः वाचणे, विम्याच्या अर्जात पेरले तेवढेच लिहिणे, यातले काहीच वीरश्रीचे नाही. पण तपासणाऱ्याला संशयखोर ठरवणे आणि फसवणाऱ्याला हुशार म्हणणे, या दोन सवयी पातूरने, अकोल्याने, साऱ्या वऱ्हाडाने सोडल्या, तर खऱ्या माणसाला दुसऱ्याच्या लबाडीचा दंड भरावा लागणार नाही. खरेपणाची अपेक्षा माणसाकडून करण्याचा हक्क समाजाला तेव्हाच मिळतो.