तिजोरीच्या तारखा (लेखांक ५) : चाव्या जमा करा

२०१६ च्या मार्चअखेर शिकागो स्टेट विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना एक सूचना मिळाली. तुमच्याकडच्या चाव्या जमा करा. त्याआधी फेब्रुवारीत विद्यापीठानं आर्थिक आणीबाणी जाहीर केली होती आणि सुमारे ९०० कर्मचाऱ्यांना, म्हणजे झाडून सगळ्यांना, नोकरकपातीच्या नोटिसा धाडल्या होत्या. वसंतातली सुट्टी रद्द झाली. मेमध्ये संपणारं सत्र एप्रिलअखेर आवरायचं ठरलं, कारण मेपर्यंत पगाराला पैसे पुरणार नव्हते.

हे विद्यापीठ १८६७ पासूनचं, शिक्षक घडवण्यासाठी निघालेलं. शिकागोच्या दक्षिण भागात आहे, विद्यार्थी बहुतांशी कृष्णवर्णीय आणि बेताच्या घरातले, बरेचसे नोकरी सांभाळून शिकणारे. घोटाळा उघड झाला नव्हता की आग लागली नव्हती. खर्चाचा साधारण एक तृतीयांश भाग राज्य सरकार उचलत असे आणि ते पैसे नऊ महिने आलेच नव्हते. येणार नाहीत असंही कुणी म्हणत नव्हतं. राज्याचा अर्थसंकल्प मंजूर व्हायचा राहिला होता, एवढंच.

'एवढंच' हा शब्द अर्थात स्प्रिंगफिल्डमधला. इलिनॉय राज्याची ही राजधानी शिकागोपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे.

इलिनॉयचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे तिकडचा 'मार्च एंड' ३० जूनला. पण आमदारांना धास्ती असते ती त्याआधीच्या ३१ मेची. १९७० च्या राज्यघटनेत एक गंमतशीर तरतूद आहे. ठरलेल्या तारखेनंतर मंजूर झालेलं विधेयक पुढच्या वर्षापर्यंत अमलातच येत नाही. लगेच अमलात आणायचं असेल तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात. पूर्वी ही तारीख ३० जून होती, १९९४ च्या घटनादुरुस्तीनं ती महिनाभर अलीकडे आणली. प्रतिनिधिगृहात सदस्य ११८. म्हणजे ३१ मेच्या रात्री बाराच्या आत अर्थसंकल्पाला ६० मतं पुरतात आणि बाराच्या ठोक्यानंतर तोच कागद ७१ मतं मागतो. आदल्या रात्री ज्या विरोधकांकडे कुणी ढुंकून पाहत नसतं, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम भाव येतो.

२०१५ साली मात्र तारीख चुकली नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ताब्यातल्या विधिमंडळानं ३१ मेच्या आत अर्थसंकल्प मंजूर केला. अडचण अशी की त्यातला खर्च उत्पन्नापेक्षा काही अब्ज डॉलरनं जास्त होता. २०११ मध्ये तात्पुरता वाढवलेला ५ टक्के आयकर जानेवारी २०१५ मध्ये ३.७५ टक्क्यांवर उतरला होता आणि तिजोरीला भगदाड पडलं होतं. त्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षाचे ब्रूस राउनर गव्हर्नर झाले. धंद्यात पैसा मिळवलेला, राजकारणात नवखा माणूस. करवाढीचा विचार करू, पण आधी कामगार संघटनांच्या हक्कांना कात्री लावा, आमदारकीच्या कार्यकाळावर मर्यादा घाला, मालमत्ता कर गोठवा, असा त्यांचा आग्रह होता. समोर होते सभापती मायकेल मॅडिगन, दशकानुदशकं त्या खुर्चीत मुरलेले. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती. जूनच्या अखेरीस राउनर यांनी शालेय शिक्षणाच्या विधेयकावर सही केली आणि बाकीचा जवळपास सगळा अर्थसंकल्प नकाराधिकार वापरून परत पाठवला.

मराठी वाचकाला इथे अडखळायला होईल. अर्थसंकल्प अडला आणि सरकार पडलं नाही? आपल्याकडे राज्यपालांना धन विधेयक फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही आणि मागण्यांवर सरकार हरलं तर मुख्यमंत्र्यांना जावं लागतं. म्हणून आपली भांडणं सभागृहाबाहेर मिटतात आणि मार्चमध्ये मागण्या धडाधड मंजूर होतात, बऱ्याचदा चर्चेविना. निवडणुकीचं वर्ष असेल तर मागच्या लेखांकात पाहिलेलं लेखानुदान असतंच. २०२४ मध्ये अजित पवार यांनी २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला, पावसाळी अधिवेशनात. मधल्या काळात कुठल्याही विद्यापीठाला कुलपं लागली नाहीत. इलिनॉयचा गव्हर्नर थेट लोकांनी चार वर्षांसाठी निवडलेला असतो. त्यानं नकार दिला तरी तो खुर्चीत राहतो, आमदारही राहतात. नकार फिरवायचा तर पुन्हा तेच ७१. २०१५ मध्ये डेमोक्रॅट पक्षाकडे बरोबर ७१ जागा होत्या. सगळ्यांना एका दावणीला बांधणं जमलं नाही.

पण खरा मुद्दा पुढे आहे. अर्थसंकल्प नसतानाही राज्य बंद पडलं नाही. कर्जाचे हप्ते कायद्यानुसार आपोआप जात राहिले. सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार न्यायालयाच्या आदेशानं सुरू राहिले. गरिबांच्या आरोग्यसेवेचा मोठा भाग जुन्या खटल्यांतल्या तडजोडींमुळे वाचला. शाळांचं विधेयक तर सही होऊन आलंच होतं, कारण ऑगस्टमध्ये शाळा उघडली नाही तर पालक थेट आमदाराच्या दारात उभे राहतात. ज्याच्या पाठीशी न्यायालय, करार किंवा संतापलेला मतदार होता, त्याच्या पानात वाढलं गेलं. विद्यापीठांच्या पाठीशी यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे शुल्क आहे, देणग्या आहेत, थोडी गंगाजळी आहे, ढकलतील दिवस, असं गृहीत धरलं गेलं. पंगत शेवटच्या पानापर्यंत पोचलीच नाही. (लॉटरीची मोठी बक्षिसं लागलेल्यांनाही सरकारनं 'नंतर देऊ' असं सांगितलं तेव्हा देशभर बातम्या झाल्या. विद्यापीठांची बातमी व्हायला आणखी काही महिने जावे लागले.)

दिवस ढकलणं सगळ्यांना सारखं जमलं नाही. पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांना एमएससाठी ठाऊक असलेलं अर्बाना-शॅम्पेनचं विद्यापीठ परदेशी आणि परराज्यातल्या विद्यार्थ्यांच्या घसघशीत शुल्कावर तगलं. चार्ल्सटनच्या ईस्टर्न इलिनॉय विद्यापीठानं मार्च २०१६ मध्ये दीडशेहून जास्त कर्मचारी घरी पाठवले. या छोट्या गावात विद्यापीठ हाच मोठा मालक, त्यामुळे कपातीची झळ साऱ्या बाजारपेठेला लागली.

विद्यार्थ्यांपर्यंत हा गुंता पोचला तो मॅप शिष्यवृत्तीच्या रूपानं. गरीब घरातल्या सव्वा लाखावर विद्यार्थ्यांना राज्याकडून मिळणारी ही मदत थेट संस्थेच्या खात्यात जाते. सरकारनं मुलांना पत्र देऊन रक्कम कबूल केलेली होती, पण ती देण्याचा अधिकार देणारा कायदाच झाला नव्हता. बऱ्याच संस्थांनी पदरचे पैसे घालून मुलांचं शुल्क जमा धरलं, काहींनी 'सरकारनं दिले नाहीत तर तुम्हाला भरावे लागतील' अशी अट घातली. महाडीबीटीची रक्कम येईपर्यंत महाविद्यालयाच्या खिडकीशी हेलपाटे घालणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे पैसा मंजूर असतो आणि अडकतो तो वाटेत. तिथे तो मंजूरच नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये विधिमंडळानं या शिष्यवृत्तीसाठी स्वतंत्र विधेयक मंजूर केलं, तर फेब्रुवारीत राउनर यांनी तेही नाकारलं. पैसा कुठून आणणार ते सांगा, हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नव्हता, पण तो विचारला जात होता ऐन सत्राच्या मध्यावर.

शेवटी २५ एप्रिलला ६० कोटी डॉलरच्या तात्पुरत्या मदतीवर सही झाली. शिकागो स्टेटच्या वाट्याला त्यातले सुमारे २ कोटी आले, एरवीच्या वर्षभराच्या रकमेच्या निम्म्याहून थोडे जास्त. आणि त्याच आठवड्यात, पैसे मंजूर झाल्यावर, विद्यापीठानं ३०० हून जास्त लोकांना कामावरून कमी केलं. वरवर हे विचित्र दिसतं. पण दहा महिन्यांनी आलेला निम्मा पैसा झालेल्या उधारीतच जिरतो आणि पुढचं वर्ष पुन्हा अंधारात असतं. ३० जूनला आणखी एक सहामाही तडजोड झाली, ती डिसेंबरमध्ये संपली. २०१७ उजाडलं ते पुन्हा रिकाम्या हातानं.

३१ मे २०१७ ची मध्यरात्रही अर्थसंकल्पाविना उलटली, सलग दुसऱ्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी स्टँडर्ड अँड पुअर्सनं राज्याचं पतमानांकन खाली आणलं. आता 'कचरा' दर्जा एकाच पायरीवर होता आणि राज्याची थकीत देणी १५ अब्ज डॉलरच्या घरात पोचली होती. धनको दारात आल्यावर मतं हलू लागली. आयकर ४.९५ टक्क्यांवर नेणारं विधेयक मंजूर झालं, राउनर यांनी ते नाकारलं, आणि ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, सिनेटनं ३६ मतांनी नकार फिरवला. तिथे लागणारी संख्या नेमकी ३६ च. प्रतिनिधिगृहाची पाळी ६ जुलैला होती. मतदानाच्या आधी एका महिलेनं विधानभवनात पांढरी भुकटी टाकली आणि दोनेक तास इमारत बंद ठेवावी लागली. तपासानंतर दारं उघडली, मतदान झालं. बाजूनं ७१, एकही जास्त नाही. त्यातले काही राउनर यांच्याच पक्षाचे होते, कारण डेमोक्रॅट आता ६७ वर आले होते.

विद्यापीठांना या अर्थसंकल्पात २०१५ च्या तुलनेत सुमारे १० टक्के कमी पैसे मिळाले. विद्यार्थी मात्र कुणाच्या मतदानाची वाट पाहत थांबले नव्हते. २०१६ च्या शरद ऋतूत शिकागो स्टेटमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला बारावीनंतर थेट आलेली मुलं होती ८६. आजूबाजूच्या राज्यांतली विद्यापीठं इलिनॉयच्या मुलांना गळ टाकून बसलीच होती. २०१७ मध्ये चार वर्षांच्या पदवीसाठी जाणाऱ्या इलिनॉयच्या मुलांपैकी जवळपास निम्मी राज्याबाहेर गेली. त्यांना परत वळवण्यासाठी २०१८ मध्ये विधिमंडळानं 'एम हाय' नावाची नवी शिष्यवृत्ती काढली आणि तिच्यासाठी अडीच कोटी डॉलर ठेवले. विद्यापीठांना त्यातले पैसे हवे असतील तर तेवढीच रक्कम त्यांनी आपल्या गाठीची घालायची होती.

(क्रमशः)