संगणकाचा पडदा काळा राहिल्यास

शाळेतील अथवा कार्यालयातील संगणक सुरू केला असता पडदा काळाच राहतो, किंवा परवलीचा शब्द अचूक देऊनही पुन्हा तेच प्रवेशपान समोर येते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून सर्व काही पुसून प्रणाली नव्याने बसविण्याचा सल्ला दिला जातो. त्यात विद्यार्थ्यांचे गुणपत्रक, दाखल्यांच्या नोंदी आणि पत्रव्यवहार कायमचा नाहीसा होण्याचा धोका असतो. बहुतेक प्रसंगी तसे करण्याची आवश्यकता नसते.

लिनक्स ही प्रणाली १९९१ मध्ये जन्मास आली. हैदराबाद येथील ‘स्वेच्छा’ या संस्थेने ती तेलुगू भाषिकांसाठी त्यांच्या भाषेत आणण्याचे कार्य केले. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, तयार केलेल्या ‘बॉस’ या प्रणालीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. या दोन्हींची रचना समजून घेतल्यास दोष शोधणे सुकर होते.

लिनक्समध्ये प्रणालीचा गाभा आणि चित्रमय पडदा हे दोन वेगळे भाग असतात. पडदा रंगविण्याचे काम ‘एक्स’ ही व्यवस्था करते. तिचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. अलीकडे तिच्या जागी ‘वेलँड’ ही व्यवस्थाही वापरली जाते. पडदा बंद पडला तरी गाभा बहुधा चालूच असतो. शेतातील दिवा विझला म्हणजे विहिरीचे पाणी आटले, असे होत नाही.

प्रथम पडद्याची तार व वीजपुरवठा तपासावा. त्यानंतर ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एफ३’ या कळा एकत्र दाबाव्यात. केवळ अक्षरांचे प्रवेशपान दिसल्यास गाभा कार्यरत आहे असे समजावे. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन पुढील तपासणी करावी.

पहिली तपासणी जागेची. ‘डीएफ’ ही आज्ञा दिली असता साठवण किती भरली आहे ते कळते. ती शंभर टक्के भरली असल्यास प्रवेशाच्या वेळी लागणाऱ्या लहान फायली लिहिता येत नाहीत आणि वापरकर्ता प्रवेशपानावरच परत येतो. अनावश्यक फायली काढल्यास मार्ग मोकळा होतो.

दुसरी तपासणी मालकीची. एखादा चित्रमय कार्यक्रम प्रशासकाच्या अधिकाराने चालविल्यास वापरकर्त्याच्या घरातील ‘एक्सऑथॉरिटी’ ही लपलेली फाइल कधी कधी प्रशासकाच्या नावावर जाते. ‘चाऊन’ या आज्ञेने तिची मालकी मूळ वापरकर्त्यास परत द्यावी.

तिसरी तपासणी नोंदवहीची. ‘एक्स’ची व्यवस्था आपल्या कामाची नोंद ठेवते व चुकीच्या ओळीपुढे कंसात दोनदा ‘ई’ हे इंग्रजी अक्षर लिहिते. प्रणाली अद्ययावत केल्यानंतरच पडदा गेला असेल, तर चित्रपत्रिकेचा चालक-कार्यक्रम नव्या गाभ्याशी जुळत नसण्याचा संभव असतो. अशा वेळी संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून जुना गाभा निवडून पाहावा.

पडदा दिसतो, परंतु मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, असेही घडते. हा दोष पडद्याचा नसून देवनागरी टंकाच्या अभावाचा होय. ‘लोहित देवनागरी’ सारखा टंक बसविल्यास तो दूर होतो.

एवढ्यानेही यश न आल्यास पेनड्राइव्हवरून प्रणाली चालू करून सर्व फायली अन्यत्र उतरवून घ्याव्यात आणि मगच नव्याने मांडणी करावी. प्रत्येक कार्यालयाने व शाळेने एक वही ठेवून दोष केव्हा आला, त्यापूर्वी कोणता बदल केला होता व कोणत्या उपायाने तो गेला, हे तारखेसह लिहून ठेवावे. पुढील वेळी तीच वही उत्तम मार्गदर्शक ठरेल.