गॅलोडेटचं कोंडाळं

अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास एक प्रश्न पडतो: हे लोक सारखे थांबतात कशाला? लंबगोल चेंडू, शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, आणि दर काही सेकंदांनी खेळ थांबलेला. याचं कारण नियमात आहे. चेंडू ज्यांच्या ताब्यात असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. एक प्रयत्न संपला की गडी उठतात, चार पावलं मागे येतात आणि कोंडाळं करून उभे राहतात. मधला क्वार्टरबॅक पुढची चाल सांगतो, मग पुन्हा समोरासमोर रांगा लागतात. या कोंडाळ्याला तिकडे ‘हडल’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द क्रिकेटमुळे पोचला. 2003 च्या विश्वचषकात बळी मिळाला की सौरव गांगुलीचा संघ खांद्यावर हात टाकून असाच गोळा व्हायचा.

हडलचं जन्मस्थान म्हणून ज्या संघाचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं, तो कुठल्या बड्या विद्यापीठाचा नाही. वॉशिंग्टनमधल्या गॅलोडेट या कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा तो संघ. आता ते विद्यापीठ झालं आहे, पण विद्यार्थी आजही जेमतेम दीड हजारांच्या घरात. इथे 1883 पासून फुटबॉल खेळला जातो. जय-पराजयाचा हिशेब मांडायला बसलं तर हरलेले मोसम पुष्कळ निघतील. तरीही अमेरिकेतल्या कॉलेज-फुटबॉलच्या इतिहासात या संघाइतकं मोलाचं काही मला दिसत नाही. हातांनी बोलणाऱ्या मुलांना आपलं बोलणं चारचौघांत राखायचं होतं, आणि त्या गरजेतून एका अख्ख्या खेळाला त्याचं आजचं रूप मिळालं.

कॉलेजची जागा केंडल ग्रीन या नावाने ओळखली जाते. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात पोस्टमास्टर जनरल असलेल्या एमॉस केंडल यांनी आपली जमीन दिली, आणि 1857 मध्ये तिथे मूकबधिर व अंध मुलांची शाळा सुरू झाली. शाळेच्या प्रमुखपदी आलेला एडवर्ड मायनर गॅलोडेट त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी 1817 मध्ये हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा काढली होती. आई सोफिया स्वतः कर्णबधिर होती आणि मुलाबरोबर केंडल ग्रीनला येऊन शाळेची गृहमाता झाली. म्हणजे एडवर्ड हातांची भाषा घरातच शिकला, आईच्या हातांकडे बघत. 1864 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. कर्णबधिरांना पदवी देणारं जगातलं हे पहिलं कॉलेज.

पुढे 1880 साल आलं. इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांमधून हातांची भाषा हद्दपार करावी, मुलांना ओठ वाचून तोंडाने बोलायला शिकवावं, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. विरोधात मत देणाऱ्या मोजक्या लोकांत अमेरिकेहून आलेले पाच जण होते. त्यांत एडवर्ड गॅलोडेट आणि त्याचा भाऊ टॉमस हे दोघेही होते. ठरावाचे परिणाम भयंकर झाले. देशोदेशींच्या शाळांत पुढची कित्येक दशकं मुलांचे हात बांधल्यासारखे झाले आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. केंडल ग्रीनवर मात्र बोटं हलत राहिली. या परिषदेला तीन वर्षं होताहेत तोच तिथली मुलं फुटबॉल खेळायला लागली. या दोन घटना मी नेहमी शेजारी-शेजारी ठेवून पाहतो.

सुरुवातीच्या काळात जॉर्जटाउन, व्हर्जिनिया, मेरीलँड आणि नौदल अकादमी यांसारख्या संघांशी या कॉलेजचे सामने व्हायचे. ऐकू येणाऱ्या संघाविरुद्ध खेळताना गॅलोडेटच्या मुलांना एक सोय होती. मैदानाच्या मधोमध, भर उजेडात, हात उंचावून चाल सांगितली तरी समोरच्यांना त्यातलं काही कळायचं नाही. ते बिचारे मुलांच्या बोटांकडे नुसते पाहत राहायचे.

पंचाईत व्हायची ती दुसऱ्या कर्णबधिर संघाशी गाठ पडली की. समोरच्या अकराही जणांना ही भाषा येणार, त्यातली लकब आणि लघुरूपंही समजणार. बोलण्याचा आवाज खाली आणता येतो, कानात कुजबुजता येतं; हातांच्या भाषेला ती सवलत नाही. जो बघेल त्याला ती कळते. पॉल हबर्ड हा त्या दिवसांतला क्वार्टरबॅक. अंगाने चपळ, हाताला न लागणारा, म्हणून त्याला ‘ईल’ म्हणत, म्हणजे वाम मासा. त्याने गड्यांना भोवती गोळा केलं, सगळ्यांच्या पाठी बाहेरच्या बाजूला केल्या आणि चाल छातीपाशी, त्या भिंतीच्या आड सांगितली. संस्था यासाठी 1894 हे साल सांगते.

ही रचना नीट डोळ्यांपुढे आणली की तिच्यातली अक्कल कळते. ऐकू येणाऱ्यांना चाल सांगायची असेल तर नुसता घोळका पुरतो. मागे उभा असलेल्याला दिसलं नाही तरी ऐकू येतं. इथे प्रत्येकाला क्वार्टरबॅकचे हात दिसायलाच हवेत आणि बाहेरच्या कुणालाही दिसता कामा नयेत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर गोल करण्यावाचून गत्यंतर नाही. खांद्याला खांदा भिडला की आडोसा तयार, आणि आतली जागा रिकामी राहिली की हातांना मोकळीक. मुलांनी आपल्या रोजच्या अडचणीतून काढलेलं हे उत्तर इतकं नेटकं आहे की पुढे लाखोंच्या गर्दीत, कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात खेळणाऱ्या संघांनाही तेच उपयोगी पडलं.

इतर दावेदारही आहेत. इलिनॉयचे प्रशिक्षक बॉब झुप्के यांचा संघ 1920 च्या दशकात प्रत्येक चालीआधी कोंडाळं करू लागला आणि ती पद्धत देशभर पसरली. अनेक वर्षं तिचं श्रेय त्यांच्याकडे जात होतं. ती घरोघरी पोचवण्याचं श्रेय झुप्के यांना खुशाल द्यावं. पण हबर्डचं कोंडाळं त्याच्या पाव शतक आधीचं आहे आणि त्यामागची गरज इतकी उघड आहे की मला त्याविषयी शंका वाटत नाही. हबर्ड पुढे कॅन्ससमधल्या ओलेथी गावी कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षक झाला आणि तिथे त्याने फुटबॉलचा संघ उभा केला. शाळेतल्या मुलांनी खेळायचं, त्यांतल्या काहींनी पुढे केंडल ग्रीनला यायचं, आणि शिकून परत कुठल्यातरी शाळेत जाऊन पोरं तयार करायची. कर्णबधिर समाजातला फुटबॉल असाच वाढला.

चाल ठरली, तरी ती नेमकी कुठल्या क्षणी सुरू करायची हा प्रश्न उरतोच. ऐकू येणारा क्वार्टरबॅक ओरडून आकडे मोजतो आणि ठरलेल्या आकड्याला मधला गडी चेंडू मागे देतो, त्याला ‘स्नॅप’ म्हणतात. गॅलोडेटने यासाठी एक भलामोठा ढोल आणला. मैदानाच्या कडेला तो उभा करायचा आणि ठोके द्यायचे. ठोक्याची थरथर जमिनीतून तळपायांना आणि हवेतून बरगड्यांना जाणवायची. कितव्या ठोक्याला सुटायचं ते कोंडाळ्यात आधीच ठरलेलं असायचं. समोरच्या संघाला ढोल ऐकू यायचा, पण त्यातला आपला ठोका कोणता हे त्यांना ठाऊक नसायचं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाजवळ उभं राहिलेल्या माणसाला ही थरथर समजावून सांगावी लागणार नाही. पुढे ढोलावर खेळणं बंद झालं आणि गडी थेट चेंडूवर नजर ठेवून सुटू लागले. ढोल मात्र गेला नाही. संघाचं ‘बायसन’ नावाचं जोशगीत हातांनी म्हटलं जातं तेव्हा त्याला ठेका ढोलाचाच असतो. बायसन म्हणजे अमेरिकेतला रानगवा. ते या संघाचं बोधचिन्ह आहे.

मैदानावर या मुलांना सोसावं लागतं तेही सांगायला हवं. पंचाची शिट्टी ऐकू येत नाही. चाल थांबली हे आजूबाजूचे गडी थांबलेले पाहून समजून घ्यायचं. एखाद्याची पाठ फिरलेली असली की तो धावतच राहतो, समोरच्याला धडकतो आणि दंड संघाला होतो. रांगेत उभं राहिल्यावर शेवटच्या क्षणी ओरडून चाल बदलण्याची इतर संघांची सोय इथे नाही. क्वार्टरबॅकने खूण केली तरी गड्याने मान वळवून बघायला हवं, आणि मान वळवली की समोरच्यावरची नजर हटते.

फुटबॉलच्या पलीकडे संस्थेतही मोठी उलथापालथ होत होती. 1955 मध्ये विल्यम स्टोकी नावाचे ऐकू येणारे प्राध्यापक इंग्रजी शिकवायला गॅलोडेटला आले. 1960 मध्ये त्यांनी शास्त्रीय मांडणी करून दाखवलं की अमेरिकन सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली स्वतंत्र भाषा आहे. त्याआधी खुद्द कॉलेजातही अनेक जण तिला तोडकेमोडके हातवारे समजत. याच अभ्यासाचा एक धागा मुंबईपर्यंत आला. गॅलोडेटचे भारतीय प्राध्यापक मदन वशिष्ठ आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातल्या सांकेतिक भाषेचा अभ्यास केला, त्यात दिल्ली, कोलकाता, बंगलोर यांच्याबरोबर मुंबईच्या खुणांचंही पुस्तक 1986 मध्ये निघालं. माझगावला कर्णबधिरांची शाळा 1885 च्या सुमाराला सुरू झाली होती. म्हणजे मुंबईतल्या मुलांच्या हातांची नीट नोंद व्हायला शंभर वर्षं लागली.

1988 च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांनी कर्णबधिर कुलगुरूची मागणी केली. कॉलेजला सव्वाशे वर्षं होत आली होती आणि तोवर प्रमुखपदावर कायम ऐकू येणारी व्यक्ती बसत आली होती. 1 मार्चला हजारावर लोकांचा मेळावा सुरू झाला तो फुटबॉलच्या मैदानावर. विश्वस्तांनी तरीही ऐकू येणाऱ्या उमेदवाराची निवड केली तेव्हा मुलांनी फाटकांपुढे बसगाड्या आडव्या लावून कॉलेज बंद पाडलं. आठवड्याभरात विश्वस्त नमले आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर कुलगुरू झाले.

एवढ्या मोठ्या विजयानंतर काही वर्षांतच फुटबॉलचा संघ मात्र रोडावला. 1990 च्या दशकात अधिकृत कॉलेज-स्पर्धांतून माघार घेऊन तो क्लबच्या पातळीवर उतरला. खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही अशा गटातलं हे कॉलेज, आणि मुळात निवडायला मुलं थोडी. 2005 मध्ये एड हॉटल यांच्या हाताखाली क्लब संघ एकही सामना न हरता मोसमातून बाहेर पडला, तेव्हा परतीची आशा दिसू लागली. 2007 मध्ये गॅलोडेट कॉलेज-स्पर्धांच्या तिसऱ्या विभागात परतलं. 2010 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले चक गोल्डस्टीन. ते ऐकू येणारे. हातांची भाषा ते इथे आल्यावर शिकले. 2013 मध्ये त्यांच्या संघाने साखळीचं विजेतेपद मिळवलं आणि इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय बाद फेरी गाठली. बचावफळीतला आडदांड अदहम तलात त्या वर्षी साखळीतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात होबार्ट कॉलेजने हरवलं, पण त्या हरण्याने वर्ष झाकोळलं नाही.

यानंतर जे घडलं त्याने मी चकित झालो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये 1994 पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो. प्रशिक्षक कडेवरून थेट कानात बोलतो. कर्णबधिर क्वार्टरबॅकला त्याचा काय उपयोग? 2023 मध्ये एटी अँड टी कंपनीने गॅलोडेटच्या मदतीने एक शिरस्त्राण तयार केलं. प्रशिक्षक टॅब्लेटवर चाल निवडतो आणि ती क्वार्टरबॅकच्या डोळ्यासमोरच्या छोट्या काचेवर उमटते. कॉलेज-क्रीडा संघटनेने एका सामन्यापुरती परवानगी दिली. 7 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर ते पहिल्यांदा वापरलं आणि गॅलोडेटने हिल्बर्ट कॉलेजला 34-20 असं हरवलं.

त्याच महिन्यात ऐकू येणाऱ्यांच्या फुटबॉलमध्ये एक प्रकरण गाजत होतं. बड्या संघांनी वेग वाढवण्यासाठी कोंडाळं सोडून दिलं होतं. कडेला उभे असलेले प्रशिक्षक हातवारे करून, रंगीत फलक दाखवून चाली कळवत होते. मिशिगन विद्यापीठावर आरोप झाला की त्यांची माणसं प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना जाऊन हे हातवारे टिपून आणत होती. हबर्डला ज्या धोक्याने ग्रासलं होतं तोच हा धोका, सव्वाशे वर्षांनी, देशातल्या सर्वांत श्रीमंत संघांपुढे उभा राहिला. पुढच्याच वर्षी वरच्या विभागातल्या कॉलेज-संघांना शिरस्त्राणातून बोलण्याची मुभा मिळाली. या सगळ्या चर्चेत गॅलोडेटचं नाव फारसं कुणी घेतलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

हबर्डने ओलेथीत सुरू केलेलं काम अजून चालू आहे. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथे कर्णबधिरांची शाळा आहे. तिचा संघ आठ-आठ गड्यांचा फुटबॉल खेळतो. 2021 मध्ये हा संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीत पोचला आणि तिथे हरला. ज्या संघाने हरवलं होतं त्यालाच पुढच्या वर्षी हरवून मुलांनी अजिंक्यपद आणलं. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर 2022 मध्ये, गॅलोडेटने पुन्हा एकदा साखळी जिंकून राष्ट्रीय बाद फेरी गाठली होती. गॅलोडेटला पुढचे गडी अशाच शाळांतून शोधायचे असतात.