घरच्या स्टिरिओला गाणं द्यायचं कुठून? कान काय सांगतात, संशोधन काय सांगतं

अ‍ॅम्प्लिफायर आहे, दोन बरे स्पीकर आहेत. आता त्यांना गाणं द्यायचं कुठून? फोनवरून ब्लूटूथने, लॅपटॉपला वायर लावून, स्ट्रीमर नावाची वेगळी पेटी आणून, की कपाटातला जुना सीडी प्लेअर पुन्हा बाहेर काढून? शोधायला गेलात तर दोन हजारांपासून दोन लाखांपर्यंतच्या वस्तू समोर येतात आणि प्रत्येकीबद्दल कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं, की फरक पहिल्या सुरालाच कळतो.

माझं संशोधन माणसाला आवाज कसा ऐकू येतो याबद्दल आहे, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आधीच सांगून मोकळं होऊ. सीडीच्या दर्जाचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत धड पोहोचत असेल, तर त्यापुढे 'हाय-रेझोल्यूशन'साठी दिलेल्या पैशातलं फारच थोडं तुमच्या कानांपर्यंत येतं. फरक पडतो, पण तो दुसऱ्याच ठिकाणी. कुठे, ते पाहू.

४४.१ हा आकडा आला कुठून?

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झ. प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिलेला असतो. हे आकडे असेच ठरवलेले नाहीत. निरोगी तरुण कानाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं. पन्नाशीपर्यंत अनेकांची ही मर्यादा बरीच खाली उतरलेली असते. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त सांगतो, की जी सर्वात उंच कंपनसंख्या पकडायची आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घेतले तर मूळ लहर पूर्णपणे परत मिळते.

'पूर्णपणे' हा शब्द नीट वाचा. डिजिटल आवाजाचं चित्र बहुतेक ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांचं काढलेलं असतं आणि जास्त नमुने घेतले की पायऱ्या बारीक होतात असं सांगितलं जातं. पण डॅकमधून, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपमधून, बाहेर पडणाऱ्या लहरीत पायऱ्या नसतात. फिल्टरमधून गेल्यावर ती गुळगुळीतच असते. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झची फाइल त्याच लहरीला जास्त बारकावा देत नाही. ती २० किलोहर्ट्‌झच्या वरच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या कंपनांना जागा करून देते.

मग २४ बिट?

बिट वाढवले की पार्श्वभूमीची खरखर खाली जाते. १६ बिटांत सर्वात मोठा आवाज आणि खरखर यांच्यात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबल. आता आपल्या घराचा विचार करा. रात्री शांत खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा लावलात की आणखी वर. तुम्ही १०० डेसिबलपर्यंत, म्हणजे शेजारी दार वाजवतील इतक्या जोरात ऐकलंत, तरी १६ बिटांची खरखर ४ डेसिबलच्या आसपास राहील. पंख्याखाली ती गाडली जाणार. ध्वनिमुद्रण करताना मात्र २४ बिट खरोखर उपयोगी पडतात, कारण गायक अचानक जोरात गायला तर आवाज फाटू नये म्हणून पातळी मुद्दाम कमी ठेवावी लागते. म्हणजे ती स्टुडिओची गरज आहे, दिवाणखान्याची नाही.

लोकांना बसवून ऐकवलं तेव्हा

सिद्धान्त झाला, पण ऐकणारा माणूस काय म्हणतो? २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाय-रेझोल्यूशन डिस्क वाजवायची, कधी थेट, तर कधी मध्येच तिला सीडीच्या ४४.१/१६ च्या गाळणीतून काढायची. ऐकणाऱ्याला कधी काय लावलंय ते माहीत नाही. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच!

या प्रयोगावर टीकाही झाली. वापरलेल्या काही डिस्कमध्ये २० किलोहर्ट्‌झच्या वरचं मुळात काही होतं का, हा त्यातला रास्त प्रश्न. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, १२,५०० हून जास्त चाचण्या. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं ५२.३ टक्के. आधी सराव करून घेतलेल्या श्रोत्यांमध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास गेलं.

याचा अर्थ काय लावायचा? संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक 'लक्षणीय' आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता फार कमी. पण लक्षणीय म्हणजे मोठा नव्हे. बातम्यांमध्ये या दोन शब्दांची गल्लत नेहमी होते आणि जाहिरातवाल्यांना ती हवीच असते. सराव करून, लक्ष एकवटून बसलेल्या माणसाला शंभरातून साठ वेळा जे कळतं, ते 'पहिल्या सुरालाच कळतं' असं म्हणता येणार नाही.

महागड्या वस्तूंच्या जाहिरातीत 'जिटर'ही भेटतो. जिटर म्हणजे नमुने वाजवण्याच्या वेळेतली सूक्ष्म चुकामूक. जपानमध्ये २००५ साली अशिहारा आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. तयार कानांनासुद्धा यादृच्छिक जिटर कळायला तो काहीशे नॅनोसेकंद असावा लागला. आजच्या साध्या डॅकमध्येही तो याच्या कितीतरी पटीने कमी असतो.

पण मला तर फरक ऐकू आला!

आला असेलच. तुम्ही खोटं बोलताय असं नाही. फक्त तो कशामुळे आला ते तपासायला हवं. पहिला संशयित म्हणजे आवाजाची पातळी. दोनपैकी एक यंत्र अर्धा डेसिबल जरी मोठं वाजत असलं, तरी कानाला ते 'मोठं' न वाटता 'चांगलं' वाटतं. म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही पातळ्या ०.१ डेसिबलपर्यंत जुळवल्याशिवाय तुलना सुरूच करत नाहीत.

घरी करून पाहायचं असेल तर हाय-रेझोल्यूशनची एक फाइल घ्या आणि तिच्यापासूनच ४४.१/१६ ची प्रत बनवा. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गाणं उतरवू नका. संगणकावर फूबार२००० या मोफत प्लेअरला जोडता येणारी एबीएक्स चाचणी आहे. ती पातळी जुळवून, नाव लपवून ऐकवते. दहादा ओळखा. दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही १७ टक्के वेळा घडतं, त्यामुळे सातवर खूश होऊ नका. नऊ किंवा दहा आले, तर तसं अंदाजाने घडण्याची शक्यता साधारण १ टक्का उरते. मग मात्र तुमच्या कानांना मानायला हवं.

फरक खरोखर कुठे पडतो

*मास्टरिंग.* मेयर आणि मोरन यांनी एक गंमत नोंदवली होती. त्यांच्या हाय-रेझोल्यूशन डिस्क बहुतेक सीडींपेक्षा खरंच चांगल्या वाजत होत्या, अगदी सीडीच्या गाळणीतून काढल्यावरसुद्धा! कारण त्या बनवताना जास्त निगुतीने काम झालं होतं. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम सीडीवर इतका दाबून, मोठा करून काढला होता की आवाज फाटत होता. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजली.

आपल्याकडची जुनी गायकी ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२५ च्या आधी, मायक्रोफोनशिवाय केलेल्या ध्वनिमुद्रणात साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं काही टिकतच नसे. अशा तबकडीची १९२ किलोहर्ट्‌झची फाइल म्हणजे लोटाभर पाण्यासाठी हौद बांधण्यासारखं. तिथे प्रश्न वेगळा असतो. तबकडीवरून उतरवताना वेग बरोबर होता का? तो चुकला तर गायकाची पट्टीच बदलते. आणि खरखर पुसण्याच्या नादात सारंगीची धारही पुसली गेली का? त्यामुळे एकाच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या ऐकून बघा. तिथे मिळणारा फरक कोणत्याही डॅकने मिळणार नाही.

*ब्लूटूथ.* सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथचा मूळ एसबीसी कोडेक चांगल्या सेटिंगला ३२८ च्या आसपास जातो. आधीच दाबलेलं गाणं तिथे पुन्हा एकदा दाबलं जातं. बऱ्याचदा तेही चालून जातं. खरा त्रास म्हणजे मैफल रंगात असताना फोन वाजतो किंवा तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की गाणं तुटतं. वाय-फायवरून कास्ट करणाऱ्या पद्धतींमध्ये पेटी बहुधा स्वतःच इंटरनेटवरून गाणं ओढते, फोन नुसता रिमोट राहतो.

*गुणगुण.* लॅपटॉप ऑक्स वायरने जोडला आणि स्पीकरमधून सतत घूं ऐकू येतंय? चार्जर काढल्यावर थांबतंय? मग दोष बहुतेक अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे, डॅकचा नाही. दोन उपकरणं विजेच्या बोर्डातूनही जोडलेली आणि ऑडिओ वायरनेही, त्यामुळे ५० हर्ट्‌झचा उपद्रव आवाजात शिरतो. ऑप्टिकल केबल वापरली तर हा दुवाच तुटतो, कारण तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ती तुमच्या जिवासाठी आहे.

*जोड.* सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात, गाणं मात्र सलग. काही प्लेअर मध्ये क्षणभर थांबतात आणि समेवर यायच्या ऐवजी शांतता येते. विकत घेण्याआधी 'गॅपलेस' वाजतं का ते विचारा.

मग घ्यायचं काय?

अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर डॅक तुमच्याकडे आधीच आहे, वेगळा घेऊ नका. नसेल तर साधा यूएसबी डॅक पुरतो. मुख्यतः स्ट्रीमिंग ऐकत असाल तर वाय-फायवर चालणारा छोटा स्ट्रीमर घ्या, किंवा घरात पडलेला जुना फोन किंवा लॅपटॉप कायमचा या कामाला लावा. सीडींचा साठा असेल तर चालू स्थितीतला जुना प्लेअर अजूनही उत्तम स्रोत आहे.

पण त्या सीडी एकदा संगणकावर उतरवून ठेवा, फ्लॅक स्वरूपात. फ्लॅक आवाजाला हात न लावता फाइल साधारण निम्म्यापर्यंत आणतं. हे मी दर्जासाठी सांगत नाहीये. मार्च २०२४ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा परवान्याचा करार जमला नाही आणि त्या कंपनीची गाणी तिथून उतरवली गेली. पैसे भरणाऱ्यांच्या याद्यांमधूनही ती गेली. चित्रपटाची गाणी निदान दुसरीकडे सापडतात. एखाद्या लहान कंपनीने तीस वर्षांपूर्वी काढलेली, पुन्हा कधीच न छापलेली मैफल सापडेलच असं नाही. तुमच्या कपाटातली सीडी कदाचित तिच्या मोजक्या उरलेल्या प्रतींपैकी एक असेल. कॅसेट असेल तर आणखी घाई करा, ती फीत दरवर्षी थोडी थोडी जातेच आहे. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

स्रोतावर वाचलेले पैसे स्पीकरकडे वळवा. त्याआधी, फुकटात, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढून आणि खोलीत जाड सतरंजी टाकून ऐकून बघा. खोली आवाजाचं काय करते, हा पुढच्या लेखाचा विषय.