मेंदूतल्या आंबटपणाचा माग

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पक्षाघाताला जुनी माणसं अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. अडलेलं असतं ते रक्त. बहुतेक रुग्णांत मेंदूची एखादी वाहिनी गुठळीने तुंबते. एमआरआयच्या चित्रात जागा कळते, पण तिथल्या पेशी मेल्या की तग धरून आहेत, हे चित्रावरून नेहमी कळतंच असं नाही. थोरल्या भावाच्या आजारपणानंतर याच प्रश्नापायी मी वाचू लागलो. वैद्यकशास्त्र मी शिकलेलो नाही.

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी कवटीला सुईही न लावता आतली रसायनं मोजते. तिचं मूळ १९५१ सालचं. स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी चुंबकात अल्कोहोल ठेवलं, तेव्हा हायड्रोजनचा एक नव्हे, तीन संकेत आले. रेणूतल्या तीन जागांवरचे हायड्रोजन किंचित वेगळ्या कंप्रतेला साद देतात, म्हणून. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे या विषयाचं काम त्यांनी उभं केलं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही.

मेंदूत अडचण पाण्याची. हव्या त्या रसायनांपेक्षा पाण्याचा संकेत हजारो पटींनी मोठा, म्हणून तो आधी दाबावा लागतो. मग आलेखावर शिखरं उभी राहतात. सर्वांत उंच असतं ते एन-असिटाइल अस्पार्टेटचं, म्हणजे ‘एनएए’चं. हे मुख्यतः चेतापेशींत असतं. पेशी मेल्या की ते घटतं. निरोगी मेंदूत जवळपास न दिसणारं लॅक्टेट मात्र रक्त थांबल्यावर काही मिनिटांतच चढू लागतं. दह्याला आंबट करतं तेच हे. प्राणवायूविना साखर जाळावी लागली की ते साचतं. त्याचं शिखर दोन शिंगांचं असतं, आणि संकेत साधारण १४० मिलिसेकंदांनी टिपला तर ही शिंगं खाली वळतात. त्याच जागी येणाऱ्या चरबीच्या संकेतातून ती अशी ओळखू येतात.

लॅक्टेट चढलेलं, पण एनएए शाबूत, असा भाग वाचू शकेल अशी आशा असते. दोन्ही बिघडले तर आशा कमी. इथे एक सावधगिरी हवी. एनएए पुष्कळदा क्रिएटिनच्या प्रमाणात सांगतात. पण मेलेल्या भागात क्रिएटिनही घटतं, मग प्रमाण फसवं ठरतं. समोरच्या निरोगी अर्ध्या मेंदूशी केलेली तुलना मला अधिक विश्वासाची वाटते.

तरीही तातडीच्या उपचारात ही तपासणी मागेच राहिली. तिला आणखी काही मिनिटं लागतात, रुग्णाला स्थिर पडून राहावं लागतं, आणि गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवरून निघालेल्या माणसाचे त्यातले किती तास रस्त्यातच जातात! त्यामुळे पक्षाघातात तिचा वापर मुख्यतः संशोधनात होतो. जन्मतः गुदमरलेल्या बाळांचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला मात्र डॉक्टर हेच लॅक्टेट आणि एनएए आज प्रत्यक्ष पाहतात.